रेषेत आलेली खोली

वेधशाळेत ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या वेधकाकांनी तिला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला, तेव्हा तिला आधी काही उमगलंच नाही. त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं, आभाळ खाली आणि जमीन वर, आणि त्याची तिला सवय होती. पण आज वरून विटा लोंबत होत्या. लाल, ओल्या, एकीला एक चिकटलेल्या. जबड्यात नवे दात फुटावेत तशा.

"दिसलं?" काकांनी विचारलं.

"विटा आहेत."

"काल एवढ्या नव्हत्या. वाढताहेत. असंच चाललं तर आठवडाभरात खूण झाकली जाईल." ते जरा घुटमळले. "घर कुणाचं आहे ते तूच सांग. मला आपली घरं सुलटी ओळखता येत नाहीत."

तिने पुन्हा डोळा लावला. विटांच्या कडेने डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई छताला चिकटलेल्या माशीसारखी उलटी चालत आली आणि पाण्याची बादली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. तो हात, ती कंबर, दम लागल्यावर मान तिरकी करायची ती तऱ्हा. आई होती ती.

"ओळखलं घर," ती म्हणाली आणि उठली.

देशाची ही वेधशाळा जुनी. खापरपणजोबांच्या काळात देश नवा होता आणि दुपारचे बारासुद्धा शेजारच्या मोठ्या देशाकडून तारेने यायचे. ते कुणाच्या तरी मनाला लागलं. गावाबाहेरच्या चढावर दगडी इमारत उभी राहिली, समुद्रापारहून दुर्बीण आली आणि उद्घाटनाच्या भाषणात पहिले संचालक छाती फुगवून म्हणाले, "आता आपले बारा आपणच वाजवू!" लोक पोट धरून हसले. का हसले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं वेधशाळेत अजून सांगतात.

ती दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेतच वर-खाली होते, डावी-उजवीकडे वळत नाही. तारा त्या रेषेवर आला की वेळ टिपायची, आणि त्यावरून देशाची घड्याळं लावायची, नकाशे आखायचे. पण दुर्बीणच केसभर सरकली तर सगळाच घोळ. म्हणून दक्षिणेच्या टेकडीवर एक खांब उभारला, त्यावर पांढरी पाटी, पाटीवर काळी फुली. तीच दक्षिण खूण. रोज सकाळी उन्हं नीट वर आली की आधी ती फुली बघायची, दुर्बीण जागच्या जागी आहे ना याची खात्री करायची आणि मगच पुढचं काम.

मधे काही येऊ नये म्हणून कायदा झाला. रेषेखालच्या पट्ट्यात कुणी मजला चढवायचा नाही, उंच झाड लावायचं नाही, खांब रोवायचा नाही. पुढे शहर वाढलं, चारी बाजूंनी माड्या उठल्या, आणि मधोमध ही एक गल्ली तेवढी जमिनीला धरून राहिली. बुटकी गल्ली म्हणायचे तिला. "आमच्याकडे माणसं वाढतात, घरं नाही," असं गल्लीतले लोक पाहुण्यांना सांगायचे. पहिल्यांदा हसत, मग नुसतंच.

ती त्याच गल्लीत जन्मली आणि त्याच रेषेवर नोकरीला लागली. कागदावर पद होतं रेषा-निरीक्षक. रेषा चालत जायची, कुणी काय उभारलं ते बघायचं, गोड बोलून उतरवायचं. हेच काम आजोबांनी केलं होतं. त्यांना लोक उठून खुर्ची द्यायचे. हिला बघून बायका गच्चीवरची काठी घाईघाईने आडवी करायच्या आणि पाठ वळली की पुन्हा उभी. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं रेषाबाई. हाका मारून मारून ते इतकं रुळलं की आईसुद्धा कधी चुकून तेच म्हणायची.

त्या दिवशी रेषाबाई घरी पोचली तेव्हा दादा गच्चीवर गवंड्याच्या बरोबरीने विटा झेलत होता. दादा टेम्पो चालवायचा, आणि दिवसाढवळ्या टेम्पो दारात उभा असणं म्हणजे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"दादा, मी नोकरी करते तिथे!"

"आणि मी इथे राहतो." त्याने वीट खाली ठेवली. "दोन खोल्या. आई, मी, ही, आणि आता आणखी एक येतंय. तू स्वयंपाकघरात फळीखाली झोपतेस. पहाटे कुणी पाणी प्यायला उठलं की तुझ्या अंगावर पाय. किती वर्षं झाली? मी काय हौस म्हणून बांधतोय?"

भांडायला म्हणून आलं आणि समोरच्याने आपलीच बाजू घेतली, की माणसाची अगदी पंचाईत होते.

"एखादं वर्ष थांब," ती शेवटी म्हणाली. "शेवटची तारकासूची पुरी होईतो. मग उपग्रहच सगळं करणार आहेत. ही दुर्बीण बंद होईल, कायदा उठेल."

"आजोबासुद्धा असंच सांगायचे. आता उठेल, मग उठेल." दादाने गवंड्याला खूण केली. "पोर काय वर्षभर थांबणार आहे का पोटात?"

गवंडी मान खाली घालून माल कालवत राहिला. भावा-बहिणीच्या भांडणात बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संचालकबाईंनी तिला बोलावलं. बाई तशा चांगल्या होत्या, म्हणजे रागावताना आवाज चढवायच्या नाहीत, त्यामुळे कधी संपलं ते कळायचं नाही. त्या दिवसांत त्या वेधशाळेचा इतिहास लिहीत होत्या. टेबलावर जुने फोटो पसरलेले, दाढीवाल्या संचालकांच्या रांगा, आणि बाईंच्या तोंडी एकच शब्द: अखंड.

"इतकी वर्षं ही खूण अखंड बघितली गेलीय," त्या म्हणाल्या. "धुकं सोडलं तर एक दिवस चुकलेला नाही. लढाई झाली, सरकारं आली नि गेली. जगात असं दुसरीकडे कुठे नाही. आणि आपण शेवटच्या वर्षी खोटं पडायचं? तेही आपल्याच माणसाच्या घरामुळे?"

"नाही बाई."

"नोटीस काढलीय. तुम्हीच घेऊन जा. शेजारच्यांना कळायला हवं की नियम सगळ्यांना सारखा."

रेषाबाईने नोटीस पिशवीत टाकली आणि तीन-चार दिवस ती पिशवी खांद्यावरून उतरवलीच नाही. जेवताना पिशवी मांडीवर, झोपताना उशाशी. द्यायची तर भाऊ तुटतो, न द्यावी तर नोकरी. तिचं चित्त कशातच लागेना. रेषेवर चालताना ती पावलं मोजल्यासारखी चालायची आणि शेवटी पोचल्यावर वाटेत काय बघितलं ते आठवायचं नाही. घरी आई चहा पुढे करायची, तो निवून जायचा, त्यावर साय धरायची आणि ही आपली उभीच. "बूड टेकव गं कुठेतरी," आई म्हणायची, "तुला बघून मलाच भोवळ येते."

शेवटी एका संध्याकाळी पिशवीतून दुसरंच काही काढताना नोटीस खाली पडली आणि वहिनीने उचलली. वहिनीला सातवा महिना लागला होता. वाकायला त्रास, बसायला त्रास, आणि वर दोघं बहीण-भाऊ एकमेकांकडे न बघता मीठ मागताहेत. तिने नोटीस वाचली, दादाच्या पुढ्यात टाकली आणि एकदम कावून म्हणाली, "अहो, एवढी एक फुलीच बघायचीय ना त्यांना? मग भिंतीला भोक ठेवा की! इकडून एक, तिकडून एक. बघू देत आरपार. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

दादा हसला. आई हसली. रेषाबाई मात्र हसली नाही. ती तशीच चपला अडकवून निघाली आणि जवळजवळ धावतच चढ चढून वेधकाकांच्या दारात उभी राहिली.

काका आवारातच एका खोलीत राहायचे. एकटेच. दुर्बिणीत डोळा घालून घालून त्यांचा एक डोळा कायम जरा बारीक झालेला, त्यामुळे ते नेहमी डोळा मारल्यासारखे दिसायचे, आणि त्यावरून वेधशाळेत पुष्कळ विनोद चालायचे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"काच नको," ते म्हणाले. "काचेतून किरण वाकतो. आणि खिडक्या समोरासमोर हव्यात, अगदी रेषेत. बाकी... होईल की. का नाही होणार?"

संचालकबाईंना पटवायला वेळ लागला, पण नोटीस, कोर्ट आणि पाडापाडी यांपेक्षा दोन खिडक्या स्वस्त होत्या. काका स्वतः दुर्बिणीला बसले, गच्चीवर दादा लाल फडकं धरून उभा राहिला, आणि मधे टेलिफोनवर रेषाबाई, "जरा डावीकडे, अहो म्हणजे तुमच्या उजवीकडे" असं ओरडत. टेलिफोन वेधशाळेनेच बसवून दिला होता. गल्लीतला पहिला. बऱ्याच जणांच्या तो डोळ्यांत सलला. "निरीक्षकाच्या घराला मजला, आणि आम्हाला नोटिसा," असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले, आणि ते खरंच होतं. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने तर तिला बघून आपल्या गच्चीवर मुद्दाम बांबू रोवला. तिने तो पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा न पाहिल्यासारखं करून पुढे गेली.

खोली झाली. दादा-वहिनी वर गेले, रेषाबाईला आतली खोली मिळाली, आणि देशाची रेषा दादाच्या पलंगावरून जाऊ लागली.

रोज सकाळी ठरल्या वेळी फोन वाजायचा. वहिनी खिडक्यांची दारं उघडून बाजूला व्हायची, काका खूण बघायचे, पुन्हा एकदा फोन वाजायचा, झालं. कधीमधी गोंधळ. "आज खुणेवर काहीतरी पिवळं आहे." "चादर आहे काका, वाळत घातलीय. थांबा, काढते." एकदा काका म्हणाले, "खूण थरथरतेय. घरात कुणी आजारी आहे का?" वहिनी शर्टाला इस्त्री करत होती. तिच्या गरम हवेने पार टेकडीवरची फुली नाचत होती. तेव्हापासून ठरल्या वेळी इस्त्री बंद, शेगडी बंद. दादा कुरकुर करायचा, "स्वतःच्या घरात चुरगळलेले कपडे घालून बसायचं, का तर म्हणे फुलीला चक्कर येते!" पण वहिनीला ते आवडू लागलं होतं. ती आणि काका एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी फोनवर त्यांची चांगली गट्टी जमली. काकांना तिचं पोट केवढं झालंय ते माहीत होतं, अर्थात उलटं.

मुलगी झाली. दादाने फोन करून काकांनाच आधी सांगितलं आणि गल्लीला मागून.

मग थंडी पडली. त्या वर्षी थंडी अशी पडली की टेकडीवरचा खांब सकाळी पांढरा दिसायचा. दारं घट्ट लावली तरी फटींतून वारा यायचा, आणि रोज ती उघडायची म्हणजे खोलीतली ऊब सगळी जायची. पोरीला आधी सर्दी झाली, मग खोकला, मग एका रात्रीत छातीत घुरघुर. डॉक्टर म्हणाले, वारा लागू देऊ नका, खोलीत ऊब ठेवा. खाली हलवावं तर खाली ओल होती. वहिनीने दोन्ही खिडक्यांना पुठ्ठे लावले, वर गोधड्या ठोकल्या आणि कोपऱ्यात शेगडी पेटवली.

सकाळी फोन वाजला. "आज नाही," वहिनी म्हणाली आणि ठेवून दिला.

रेषाबाई तेव्हा वेधशाळेतच होती. काकांनी रिसीव्हर हातात धरून तिच्याकडे बघितलं. सुदैवाने बाहेर थोडं धुकंही होतं. संचालकबाई म्हणाल्या, "धुक्याचं लिहा." काकांनी नोंदवही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मात्र लख्ख ऊन. घासलेल्या भांड्यासारखं आभाळ. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना.

"जाऊन या," संचालकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पाच-दहा मिनिटांचं काम. बाळाला तेवढा वेळ खाली न्यायचं, खिडक्या उघडायच्या, पुन्हा लावायच्या. मी काही राक्षस नाही. पण इतक्या लोकांनी इतकी वर्षं केलेलं आपल्या हातून सुटायला नको. तुमच्या आजोबांचंही त्यात आहे."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. ती निघाली. चढ उतरताना तिला वाटत होतं, खरंच तर आहे, पाच मिनिटं. गल्लीत शिरताना वाटलं, पोर घुरघुरत होती रात्री. दारापाशी वाटलं, परत फिरावं. तरी पाय जिना चढलेच.

वहिनी पाणी उकळायला खाली गेली होती. पोर पलंगावर निजलेली, श्वासाला बारीक शिट्टी. रेषाबाई उत्तरेच्या खिडकीशी गेली. गोधडीचा एक खिळा उपसला, पुठ्ठा सरकवला, दार ढकललं. वारा एकदम तोंडावर आला. समोर, दूर चढावर, वेधशाळेच्या छताची उघडी फट दिसत होती आणि तिच्यात काळा ठिपका. दुर्बीण तिच्याकडे बघत होती. आपण त्यातून कशा दिसत असू ते तिच्या डोळ्यांपुढे आलं: डोकं खाली, पाय वर, हातात खिळा.

पोर खोकली. खोकल्याने तिचं सगळं अंग उचललं गेलं.

"वन्सं."

वहिनी दारात होती. हातात वाफाळतं पातेलं. ती ओरडली नाही.

"मला पाठवलंय," रेषाबाई म्हणाली.

"ते दिसतंय. पण तुम्ही आमच्या बाजूने आलात का तिकडच्या, तेवढं सांगा. म्हणजे मला कळेल तुमच्यापुढे पोर ठेवायची का नाही."

रेषाबाईने दार ओढलं, पुठ्ठा लावला, खिळा पुन्हा भोकात रुतवला, पण तो धरेना. शेवटी ती गोधडीला पाठ लावून तशीच उभी राहिली, अंगानेच खिडकी बंद केल्यासारखी. खाली फोन वाजू लागला. आईने उचलला नाही. तो थांबला आणि पुन्हा वाजू लागला. तेव्हा ती धाडधाड जिना उतरली आणि तिने रिसीव्हर उचलला.

"काका, आज खूण दिसणार नाही. उद्याही नाही. पोर बरी होईतो नाही. बाईंना सांगा मी सांगितलं म्हणून."

मग काकांनी विचारलं, "किती खोकतेय?"

त्या दुपारी वेधकाका बुटक्या गल्लीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रोज बघितलेली गल्ली, पण उलटी. सुलटी बघितल्यावर ते पार गोंधळले. घरावरून दोनदा पुढे गेले, परत आले, आणि शेवटी बांबूवाल्या म्हाताऱ्यालाच विचारलं, "ते खिडक्यांचं घर कुठलं हो?" म्हाताऱ्याने त्यांचा बारीक डोळा बघितला आणि आपल्याला डोळा मारतोय असं समजून बोट दाखवण्याआधी दोन खरमरीत शब्द सुनावले.

काकांच्या काखेत भलं मोठं गुंडाळं होतं. दुर्बीण निजवताना तिच्यावर घालायचं जाड लोकरीचं पांघरूण. त्यांनी आणि दादाने मिळून ते उत्तरेच्या खिडकीवर दुहेरी ठोकलं. वारा एकदम थांबला. खोली शांत झाली.

"दुर्बीण उघडी राहील की," आई म्हणाली.

"तिला खोकला होत नाही," काका म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघत होती. आवाज ओळखीचा, माणूस नवखा. तिला एकदम रडू फुटलं, आणि काका इतके घाबरले की टोपी विसरून गेले.

त्यांनी नोंदीत धुकं लिहिलं नाही. 'खूण दिसली नाही. वाटेतल्या घरात बाळ आजारी,' असं लिहिलं, रोज, पोर बरी होईपर्यंत, आणि खाली सही.

"राष्ट्रीय वेधशाळेच्या इतिहासात बाळाचा खोकला!" संचालकबाईंचा आवाज त्या एकाच दिवशी चढला. त्यांनी दोघांनाही उभं केलं होतं. "हे खोडा."

"खोडून काय लिहू?" काकांनी विचारलं. "ऊन तर सगळ्या गावाने बघितलंय."

रेषाबाईला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिने कारण म्हणून काकांचंच वाक्य लिहून दिलं, बढती अडली, आणि त्या एका वाक्यावर कचेरीत वर्षभर लोक तिची टिंगल करत राहिले. कुणी उशिरा आलं की म्हणायचं, "वाटेतल्या घरात बाळ आजारी होतं." पोर मात्र खडखडीत झाली आणि उन्हाळ्यात रांगू लागली. वहिनीशी बोलणं पूर्वीसारखं व्हायला त्याहून जास्त वेळ लागला. एक दिवस वहिनीने पोर तिच्या मांडीवर टाकली आणि बाजारात गेली. रेषाबाईने काय ते ओळखलं.

संचालकबाईंचा इतिहास छापून आला. जाडजूड, सोनेरी अक्षरांचा. त्यात 'अखंड' होतं, पण त्याच्याआधी बारीक छापलेलं 'जवळजवळ'.

पुढच्या वर्षी सूची पुरी झाली. दुर्बिणीला कायमचं झाकण घातलं, काका निवृत्त झाले, कायदा उठला. आणि बुटक्या गल्लीची इतक्या वर्षांची दाबलेली उंची एकदम उसळून वर आली. ज्याच्या त्याच्या गच्चीवर विटा, वाळू, शिव्या, मजूर. बांबूवाल्या म्हाताऱ्याने तर दोन मजले चढवले, वर राहायला कुणी नसताना. दादाने दोन्ही खिडक्यांना काचा बसवल्या. दक्षिणेच्या काचेतून टेकडी दिसेनाशी झाली होती, समोर शेजाऱ्याची नवी भिंत.

रेषाबाईला कचेरीने व्हरांड्यात एक टेबल दिलं, काम दिलं नाही. तिची तगमग वाढली. ती सवयीने रेषा चालायला निघायची आणि अर्ध्यात आठवायचं की बघायचं काहीच उरलेलं नाही. लोक आता हसून बोलायचे, खुर्ची द्यायचे. ते तिला जास्तच बोचायचं.

तेव्हा डोंगरावरच्या नव्या वेधशाळेत जागा निघाली. मोठी दुर्बीण, काळंभोर आभाळ, आणि खालच्या खोऱ्यातल्या दिव्यांचा उजेड वर येऊ नये म्हणून लोकांची समजूत घालायला एक माणूस हवा होता. आई म्हणाली जाऊ नकोस. वहिनी म्हणाली जा, इथे तुम्ही फरशी झिजवाल. तिने अर्ज केला. सही संचालकबाईंचीच लागणार होती. बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तिथे आजारी बाळं पुष्कळ असतील." मग सही केली.

दादाच्या टेम्पोतून सामान निघालं. गादी बांधायच्या दोरीवरून दोघांची निघतानाच जुंपली आणि ती पहिला घाट चढेपर्यंत पुरली.

"म्हणजे तिथे जाऊन तू करणार काय?" दादाने शेवटी विचारलं.

"लोकांना दिवे झाकायला सांगायचं."

"म्हणजे पुन्हा शिव्याच खायच्या."

"हो."

"शिकलीसच काय मग?" तो म्हणाला आणि स्वतःच हसायला लागला, इतका की वळणावर तिला स्टिअरिंगला हात लावावा लागला.

खोली लहान होती, कोरडी होती. दादाने दाराची कडी ठोकून दिली, नळ बघितला, दोनदा उगाच खिडकी उघडून लावली आणि अंधार पडायच्या आत उतरायचं म्हणून निघाला. टेम्पोचा आवाज खोऱ्यात विरत गेला. तिने गादी पसरली, बसून बघितलं, उठली. चहा टाकायला घेतला, तोही ठेवला. मग चपला घालून बाहेर पडली.

फाट्यावर एक पंक्चरचं दुकान होतं. दारावर हा एवढा मोठा दिवा, दिवस मावळायच्या आतच पेटलेला, तोंड सरळ आभाळाकडे. मालकीण टायर घासत बसली होती.

"वरच्या दुर्बीणवाल्यांकडून आलात," ती मान वर न करता म्हणाली. "दिवा बंद करणार नाही. इथे वळण आहे. मागे एक ट्रक खाली गेलाय, त्यात माझा दीर होता."

रेषाबाईने काय काय पाठ करून आणलं होतं. ते तिने गिळलं. ती वळणापर्यंत चालत गेली, तिथून दिव्याकडे बघितलं, खाली दरीकडे बघितलं, परत आली.

"वळणावर उजेडच नाही पडत याचा," ती म्हणाली. "सगळा वर जातोय. खाली कलता केला तर रस्ता जास्त दिसेल. बघू का करून?"

मालकिणीने वळणाकडे एकदा बघितलं. मग टायर बाजूला लोटला, आतून शिडी ओढत आणली आणि भिंतीला टेकवून पायाने दाबून धरली.

"चढा," ती म्हणाली. "पण रस्त्यावर अंधार झाला, तर मी शिडी सोडून देईन हं."

रेषाबाई चढू लागली.